पाव किलो साखरेतला पाय

बालमित्रांनो, मागच्या आठवड्यात आपण चुलीभोवतीचे शब्द पाहिले होते. आज जरा पायाखाली बघू या.

'सुटीत आम्ही पांदणीनं पायदळ मामाच्या वावरात गेलो.' आपल्या वऱ्हाडातल्या मुलाच्या निबंधात हे वाक्य सहज येतं. मग कुणीतरी हुशार मूल फिदीफिदी हसतं, कारण पुस्तकात पायदळ म्हणजे पायी लढणारं सैन्य! मामाच्या वावरावर काय स्वारी केली होती का? पण आपल्याकडे आजी बाजारात पायदळ जाते, लोक पंढरपूरला पायदळ जातात. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला निघते, तिच्यासोबतचे वारकरीसुद्धा पायदळच. तेव्हा हसू नका. हा शब्द चुकीचा नाही, आपल्या भागाचा आहे. एवढंच की पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी लिहिताना 'पायी' लिहावं, म्हणजे त्याचा गोंधळ होत नाही.

आणि आपल्याकडची दुसरी गंमत तर बाहेरच्या माणसाला कळतच नाही. 'माहा पाय पाय ना बे!' पहिला पाय चालायचा, दुसरा बघायचा. 'पाहा'चं आपण 'पाय' केलं.

आता हा पाय आला कुठून? संस्कृतात 'पाद' होता. बोलता बोलता मधला 'द' झिजला आणि 'पाय' उरला. पाऊल, पायरी, पायवाट, पायपीट ही सगळी त्याचीच लेकरं. गावाकडे चपलेला पायतण म्हणतात, तेही पादत्राणाचंच रूप. पायजमा मात्र फारसीकडून आला. फारसीत पायाला 'पा' म्हणतात आणि जामा म्हणजे कपडा. तोच पायजमा आपल्या देशातून इंग्रजीत गेला. इंग्रज रात्री जो 'पजामाज' घालून झोपतात, त्यातही पायच आहे.

आता इंग्रजीचा 'फूट' घ्या. पाद आणि फूट यांत सारखं काय, असं वाटेल. पण जोड्या लावून बघा. आपल्या पंचाच्या जागी इंग्रजीत फाइव्ह, पूर्णाच्या जागी फुल. म्हणजे जिथे आपला 'प', तिथे त्यांचा 'फ'. आता दोनला टू, दहाला टेन, दाताला टूथ. जिथे आपला 'द', तिथे त्यांचा 'ट'. हे दोन्ही बदल 'पाद'ला लावा. झाला की नाही फूट? ही योगायोगाची गोष्ट नव्हे. हजारो वर्षांपूर्वी या भाषांची एकच आजी होती आणि तिची नातवंडं दूरदूर पांगली. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशानं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात, असं भाषणात सांगितलं आणि या शोधाला वेग आला.

या कुटुंबातली एक बहीण फार लांब राहते. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राकाठी लिथुआनिया हा चिमुकला देश आहे. राजधानी विल्निअस. तिथे पाऊल या अर्थी शब्द आहे 'पेदा', आणि तळपायाला म्हणतात 'पादस'! आपण मराठीत गमावलेला 'द' त्यांनी अजून जपून ठेवलाय. दोनला ते 'दु' म्हणतात, पाचाला 'पेन्की', दहाला 'देशिम्त' आणि दाताला 'दांतिस'. बुद्धिबळातल्या प्याद्याला ते 'पेस्तिनिंकास' म्हणतात, इंग्रज 'पॉन' म्हणतात. तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, पायी चालणारा शिपाई. वजीर-हत्तींची नावं देशोदेशी बदलली, पण हा बिचारा या तिन्ही भाषांत पायदळच!

पण हे शब्द जपणं त्या लोकांना फुकट पडलं नाही. त्यांच्यावर रशियाच्या झारचं राज्य होतं. १८६४ साली झारच्या सरकारनं लिथुआनियन भाषेची पुस्तकं तिच्या नेहमीच्या लॅटिन लिपीत छापायला बंदी घातली. आपल्याला कुणी म्हटलं की मराठी लिहा, पण देवनागरीत नाही, तर कसं वाटेल? तसंच ते. मग लोकांनी शेजारच्या प्रशियात पुस्तकं छापली आणि शेतकरी माणसं रात्री अंधारात, पाठीवर पोतं घेऊन, चिखल-बर्फ तुडवत सरहद्द ओलांडू लागली. पोत्यात प्रार्थनेची पुस्तकं आणि मुलांच्या अंकलिप्याही असत. सापडलं की तुरुंग, नाहीतर सैबेरियाला हद्दपारी, आणि काहींना तर गोळी लागली. या माणसांना तिथे 'क्निगनेशीस' म्हणतात, म्हणजे पुस्तक वाहणारा. १९०४ साली बंदी उठली. चाळीस वर्षं एक भाषा पायी चालणाऱ्यांच्या पाठीवर जगली. त्यांतल्या युर्गिस बिएलिनिस या नामवंत वाहकाचा जन्मदिवस, १६ मार्च, तिथे आजही पुस्तकवाहकांचा दिवस म्हणून पाळतात.

चालण्याच्या तऱ्हांचे शब्द तर सगळ्याच भाषांत भरपूर. इंग्रजीत लंगडण्याला 'लिम्प', रमतगमत फिरण्याला 'स्ट्रोल', चवड्यांवर चोरपावलांनी जाण्याला 'टिप्टो'. लिथुआनियन लंगडणं 'श्लुबुओती', आणि बाळासारखं छोटी पावलं टाकत जाणं 'तिपेन्ती'. आपलं बाळ दुडूदुडू जातं, बदक फेंगडत जातं, रागावलेली ताई तरातरा जाते, आणि शाळेला उशीर झालेला दादा तरीही रेंगाळतच जातो! इंग्रजीत 'ट्रज' असाही एक शब्द आहे. मराठीत त्याला नेमका एक शब्द मला तरी सापडत नाही, पण अर्थ तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. श्रावणात काळ्या मातीच्या पांदणीतून घरी या. प्रत्येक पावलाला चपलेखाली किलोभर गारा चिकटतो, पाय ओढत ओढत चालावं लागतं. तेच ट्रज. आपल्या गावाच्या नावातच 'रेल्वे' आहे खरी, पण स्टेशनापासून वावरापर्यंत जायला पायच लागतात ना?

आईबाबांनाही एक विनंती. मूल घरचा शब्द वहीत लिहून आलं तर लगेच खोडू नका. शेजारी पुस्तकातला शब्द लिहायला सांगा. दोन्ही राहू द्या.

आता शीर्षकाकडे वळू. दुकानात पाव किलो साखर मागता ना? गाईम्हशीला पाय चार. म्हणून 'पाद' म्हणजे चौथा हिस्सा, आणि त्याचाच झाला 'पाव'. 'सपाद', म्हणजे पावासह, त्याचा झाला सव्वा. आई सकाळी 'सव्वासहा वाजले, ऊठ!' म्हणून ओरडते, तेव्हा तिच्या तोंडीही पाय असतो.

मग 'पाऊण' कसा झाला असेल? एक खूण देतो: संस्कृतात 'ऊन' म्हणजे कमी. उत्तर शोधा, आणि आजी-आजोबांना विचारून चालण्याचे पाच शब्द मिळवा, जे तुमच्या पुस्तकात नाहीत. पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पुढच्या अंकात भेटू.