डब्याने तोंड उघडले

२०२० साली टाळेबंदीत कॉलेजचे तास मोबाईलवर आले. आमच्या वस्तीतली एक मुलगी तेव्हा बी.ए.ला होती. दहा बाय बाराची खोली, माणसे पाच, मोबाईल एकच. सर प्रश्न विचारीत, ही गप्प. कॅमेराही बंद. आम्ही रागे भरलो तेव्हा म्हणाली, "काका, मागे वाळत घातलेले कपडे दिसतात. सगळ्यांदेखत बोलू कशी?" आम्ही निरुत्तर झालो.

पुढे इतिहासाच्या बाईंनी एक युक्ती केली. घरातल्या एका जुन्या वस्तूचे चित्र काढून पाठवा आणि ती वस्तूच बोलते आहे, असे समजून चार वाक्ये सांगा. हिने आजोबांचा जेवणाचा डबा काढला. डबा म्हणाला, १९८२ च्या संपानंतर मी गिरणीत गेलोच नाही! मग इतर मुले विचारू लागली. संप कशासाठी? घर कसे चालले? आजीने काय केले? कॅमेरा बंदच होता, पण मुलगी अर्धा तास बोलत होती.

ही रीत आपल्याला नवी नाही. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले ते शिक्षणासाठीच. भीमराव कर्डकांच्या जलशाने अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्यांपर्यंत बाबासाहेबांचा विचार नेला.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. गुण सांगण्याला द्या, रंगांना नको. रंगपेटी सर्वांकडे नसते. वहीचे पान नि पेन्सिल पुरे. आणि आईबापांनो, तेवढा तासभर टीव्ही बंद ठेवा.