तिजोरीचे भांडण आणि छोट्या दुकानदाराची रोजी

अमेरिकेच्या राजकारणाशी आपला काय संबंध, असे भिवंडी-मालेगावच्या बाजारात कोणीही सहज विचारील. सुताचे भाव, विजेचे बिल आणि उधारीची वसुली यांतून डोके वर काढायला फुरसत आहे कोणाला? तरीही २०२० सालच्या डिसेंबर महिन्यात वॉशिंग्टन येथे जे घडले ते प्रत्येक छोट्या व्यापाऱ्याने व कारागिराने समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. सरकारी खर्चाची मंजुरी, महामारीची मदत आणि निवडणुकीच्या निकालाचा वाद या तीन बाबी तेथे एकाच गाठीत बांधल्या गेल्या. ती गाठ सुटेपर्यंत ज्यांची रोजी अडकली, ते आपल्यासारखेच दुकानदार, शिंपी, न्हावी, टॅक्सीवाले आणि खानावळवाले होते.

आधी एकमत, मग अडवणूक

अमेरिकेचे सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी तेथील संसदेने, म्हणजे काँग्रेसने, खर्चाला मंजुरी दिली नाही तर सरकारी कचेऱ्यांना टाळे लागते. २०१८च्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीच्या खर्चावरून असाच वाद पेटला आणि ३५ दिवस कामकाज बंद राहिले. सुमारे ८ लाख सरकारी नोकरांचा पगार थांबला. छोट्या धंद्यांना हमी देणाऱ्या सरकारी खात्याने नव्या कर्जांचे अर्ज हातावेगळे करणे थांबवले. भांडण भिंतीचे होते, पण ज्याला दुकानासाठी कर्ज हवे होते तोही त्यात अडकला. २०२५ साली तर ही बंदी ४३ दिवस चालली.

२०२० साली महामारी आली तेव्हा मात्र सुरुवातीला दोन्ही पक्षांनी शहाणपण दाखवले. २७ मार्च २०२० रोजी सुमारे २.२ लाख कोटी डॉलरच्या मदतीचा कायदा झाला. सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ९६ मते पडली, विरोधात एकही नाही. ठराविक उत्पन्नाच्या आतील प्रत्येक प्रौढाला १२०० डॉलर आणि बेकारांना नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळाले. स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही प्रथमच बेकारी भत्त्याच्या कक्षेत घेतले गेले.

हा जादा भत्ता जुलैअखेर संपला, आणि तेथून घोडे अडले. डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत असलेल्या कनिष्ठ सभागृहाने मे महिन्यातच ३ लाख कोटी डॉलरचे नवे विधेयक मंजूर केले होते. रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने ते विचारातच घेतले नाही. एका पक्षाला राज्ये व नगरपालिकांसाठी पैसा हवा होता. दुसऱ्याला धंदेवाल्यांवर कोरोनासंबंधी खटले होऊ नयेत म्हणून संरक्षण हवे होते, शिवाय इतकी रक्कम खर्चणे त्याला पसंत नव्हते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात काही तथ्य होते. पण ३ नोव्हेंबरची निवडणूक जवळ येत होती, आणि मदत मंजूर झाल्यास श्रेय कोणाच्या खात्यात जाईल हा हिशेब दोन्हीकडे सुरू झाला, असेच आमचे मत आहे. कारण अखेर डिसेंबरमध्ये तडजोड झाली ती या दोन्ही वादग्रस्त मागण्या बाजूला ठेवूनच. जी तडजोड डिसेंबरमध्ये जमली ती ऑगस्टमध्ये का जमली नाही, याचे उत्तर कोणी दिले नाही.

सहीसाठी सहा दिवस

२१ डिसेंबर रोजी काँग्रेसने ९० हजार कोटी डॉलरची मदत आणि १.४ लाख कोटी डॉलरचा वार्षिक सरकारी खर्च एकाच विधेयकात मंजूर केला. पाच हजारांहून अधिक पानांचा तो गठ्ठा मतदानापूर्वी किती सभासदांनी वाचला असेल, हे वाचकांनीच ठरवावे. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आक्षेप घेतला. माणशी ६०० डॉलर फार थोडे आहेत, २००० द्या, असे ते म्हणाले. मागणी वावगी नव्हती. पण महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या, त्यांत त्यांचे स्वतःचे अर्थमंत्री होते, आणि तेव्हा हा आग्रह धरला गेला नाही.

याच काळात ते निवडणुकीचा निकालही मान्य करीत नव्हते. बायडन यांना ३०६ आणि ट्रम्प यांना २३२ प्रतिनिधी-मते पडली होती. निकालाविरुद्ध ६० हून अधिक दावे दाखल झाले, त्यांपैकी जवळजवळ सर्व फेटाळले गेले. स्वतः ट्रम्प यांनी नेमलेल्या न्यायाधीशांनीही काही दावे फेटाळले. ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याचा दावा ऐकण्यासही नकार दिला. तरी वाद मिटला नाही.

अखेर २७ डिसेंबरला सही झाली. पण बेकारी भत्त्याच्या विशेष योजनांची मुदत २६ डिसेंबरलाच सरली होती. एक कोटीहून अधिक लोक या योजनांवर अवलंबून होते. सही झाल्यावरही अनेक राज्यांच्या कचेऱ्यांना नवे नियम अमलात आणायला आठवडे लागले. वरच्या माणसाची एका दिवसाची दिरंगाई खालच्या माणसाला महिनाभर भोगावी लागते, हे आपल्या धंद्यातही आपण रोज पाहतो. पेढीवरचा चेक एक दिवस उशिरा वटला तर कारखान्यातील आठवड्याचा पगार चुकतो आणि कारागिराच्या घरचे किराण्याचे खाते थकते.

पुढे ५ जानेवारी २०२१ रोजी जॉर्जिया राज्यात सिनेटच्या दोन जागांसाठी फेरमतदान झाले. तेव्हा हेच २००० डॉलर प्रचाराचा मुद्दा बनले. दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, निकाल नाकारणाऱ्या जमावाने संसदेच्या इमारतीत घुसून दंगा केला. मार्चमध्ये १.९ लाख कोटी डॉलरचा आणखी एक मदतीचा कायदा झाला, पण त्याला विरोधी रिपब्लिकन पक्षाचे एकही मत पडले नाही. एका वर्षात ९६ विरुद्ध शून्य येथून मामला येथवर आला.

मदत कोणाला पोहोचली?

आता आपल्या कामाचा भाग. अमेरिकेने छोट्या धंद्यांसाठी जी योजना काढली ती विचार करण्याजोगी आहे. बँकेने एक टक्का व्याजाने कर्ज द्यायचे. धंदेवाल्याने त्याचा ठराविक हिस्सा, आधी ७५ टक्के आणि नंतर ६० टक्के, कामगारांच्या पगारावर खर्च करायचा. तसे केल्यास मुद्दल आणि व्याज दोन्ही माफ. थोडक्यात, कामगाराला कामावर ठेवा, पैसे सरकार देईल.

कल्पना उत्तम, पण वाटप बँकांकडे होते. ३ एप्रिल २०२० ला अर्ज सुरू झाले आणि ३४ हजार ९०० कोटी डॉलर अवघ्या १३ दिवसांत संपले. अनेक बँकांनी आपल्या जुन्या खातेदारांचे अर्ज आधी घेतले. ज्याच्याकडे वकील, हिशेबनीस आणि बँकेत ओळख होती तो पुढे गेला. गल्लीतला दुकानदार रांगेत राहिला. मोठ्या खानावळींच्या साखळ्यांनाही कर्ज मिळाले. ओरड झाल्यावर ‘शेक शॅक’ या कंपनीने १ कोटी डॉलर परत केले. दुसऱ्या हप्त्यात सरकारला ६ हजार कोटी डॉलर लहान बँका व पतसंस्थांसाठी वेगळे राखावे लागले. घाईत तपासणी ढिली राहिल्याने लबाडांचेही फावले. या आणि दुसऱ्या एका कर्ज योजनेत मिळून २० हजार कोटी डॉलरहून अधिक रक्कम संशयास्पद हातांत गेली असावी, असा अंदाज त्याच खात्याच्या तपासणी अधिकाऱ्यांनी २०२३ साली दिला.

आपल्याकडे काय झाले? २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. साचे थांबले, परप्रांतीय कारागीर पायी गावाकडे निघाले. मे महिन्यात केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची हमी असलेली तातडीची कर्ज योजना जाहीर केली. आकडा मोठा होता. पण मूळ नियम असा की, २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढे कर्ज थकीत असेल त्याच्या २० टक्के जादा कर्ज मिळेल. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा सव्वानऊ टक्के होती.

याचा अर्थ काय, तो आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने व्याज टाळण्यासाठी उभ्या आयुष्यात बँकेचे कर्ज घेतले नाही, स्वतःच्या भांडवलावर, भागीदारीवर आणि बाजारातील उधारीवर इमानदारीने धंदा केला, त्याचे थकीत कर्ज शून्य. शून्याचे २० टक्के शून्यच. या नियमामागे कोणाचा द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. ज्या वहीत आपले नाव नव्हते त्या वहीवरून वाटप झाले, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता काय करावे?

पहिली गोष्ट, नोंदणी. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सुरू आहे. ती विनामूल्य आहे. २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही, अग्रक्रमाच्या कर्जापुरती का होईना, ती खुली झाली. असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ कार्ड आहे. साच्यावरच्या आणि शिलाई यंत्रावरच्या प्रत्येक कारागिराचे कार्ड काढून देणे हे मालकाचे कर्तव्य मानले पाहिजे. काही बंधू म्हणतात की, नाव नोंदवले की तपासनीस दारात येतो. ही भीती अगदीच खोटी नाही. पण नोंद नसली तरी तपासनीस येतोच. मदत मात्र येत नाही. आणि व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद तर सूरह बकरामध्येच दिलेली आहे. ती आपण लग्नाच्या मेहरपुरती ठेवावी आणि दुकानाच्या वहीत विसरावी, हे बरे नव्हे.

दुसरी गोष्ट, मागणी नेमकी करावी. संकट आले की आपले शिष्टमंडळ निवेदन घेऊन जाते आणि ‘कर्ज द्या’ म्हणते. कर्ज ज्याला हवे त्याने मागावे. पण पगार दिल्यास माफ होणारी रक्कम जगातील सर्वांत मोठ्या भांडवलशाही देशाने दिलेली आहे. मग तशीच मदत, तीही बिनव्याजी, येथे का मागू नये? पगाराची वही दाखवा, मदत घ्या. ही मागणी मालक आणि कारागीर दोघांच्याही हिताची आहे. मात्र त्यासाठी पगाराची वही असली पाहिजे.

तिसरी गोष्ट, व्यापारी संघटनेला कोणत्याही पक्षाची शाखा होऊ देऊ नये. वैयक्तिक मत ज्याने त्याने हवे त्याला द्यावे. पण संघटना एका झेंड्याखाली गेली की तिचे काम दुसऱ्याच्या राजवटीत अडते. संघटनेच्या निवडणुकीतही मतमोजणी झाली, तक्रारींची सुनावणी झाली की हरणाऱ्याने वही बंद करून पुढच्या कामाला लागावे. निकाल न मानण्याची खोड एकदा लागली की बाजाराचा कारभार बसतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आपली स्वतःची गंगाजळी. तेजीच्या दिवसांत प्रत्येक ताग्यामागे थोडी रक्कम बाजूला काढून मोहल्ल्याच्या किंवा बाजाराच्या बिनव्याजी निधीत जमा केली, तर दोन महिन्यांचा पगार निघू शकतो. हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचावा, म्हणजे विश्वास टिकेल. जगातील सर्वांत श्रीमंत सरकारचे पैसेही एका सहीसाठी अडकले. तेव्हा पहिले दोन महिने आपल्या बळावर काढण्याची तयारी हवी. त्यानंतर सरकारकडे हक्काने मागावे, आणि मागताना आपले नाव वहीत असावे.