ज्ञानाचा साठा वस्तीत आणा



२०२० च्या मार्च महिन्यात शाळांना कुलपे लागली आणि शिक्षण मोबाइलवर गेले. ज्या घरी मोबाइल नव्हता, अथवा असून त्यात भरावयास पैसे नव्हते, त्या घरच्या मुलांचे शिक्षण तेथेच थांबले. हा दोष मुलांचा नव्हे, मांडणीचा होता. धडे दूरच्या यंत्रात साठवावयाचे आणि प्रत्येकाने स्वखर्चाने तेथवर पोहोचावयाचे, अशी ती मांडणी होती. पाणवठा दूर असला म्हणजे तहान कोणाची राहते, हे आपणांस कोणी सांगावयास नको.

या मांडणीस पर्याय आहे. त्याला वितरित संगणन म्हणतात. साठा व काम एकाच मोठ्या यंत्राकडे न ठेवता ते अनेक लहान यंत्रांत वाटावयाचे आणि त्या यंत्रांनी परस्परांशी मेळ राखावयाचा, एवढाच त्याचा अर्थ.

‘लर्निंग इक्वॅलिटी’ या अमेरिकेतील संस्थेची ‘कोलिब्री’ ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. तिचा पाया सॅन दिएगो येथील विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २०१२ साली घातला. शाळेतील एखादा जुना संगणकही तिला पुरतो. धडे एकदा इंटरनेटवरून अथवा पेन ड्राइव्हवरून त्यात भरले, की वर्गातील इतर यंत्रे त्यास बिनतारी जोडली जातात. त्यानंतर इंटरनेटची गरज उरत नाही. मुलाने कोणता धडा पुरा केला याची नोंद तेथेच राहते आणि संपर्क मिळताच ती दुसऱ्या यंत्राशी जुळविता येते. या प्रणालीस मूल्य पडत नाही. आपल्या बालभारतीची पाठ्यपुस्तकेही विनामूल्य उतरवून घेता येतात.

कोणी म्हणेल, यंत्र हा शिक्षक नव्हे. खरे आहे. यंत्राच्या निमित्ताने शिक्षकाचे पद रिकामे ठेवू पाहणाऱ्यास आपण ठामपणे नकार दिला पाहिजे. यंत्र हे शिक्षकाच्या हातचे साधन आहे, त्याचा बदली कामगार नव्हे. शिवाय त्याची निगा राखणारा माणूस नेमला नाही, तर वर्षभरात त्यावर धूळ बसेल.

आता हक्काचे बोलू. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ घटनेत आले. त्यास अनुसरून झालेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. केरळ उच्च न्यायालयाने तर २०१९ साली इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. २००९ च्या कायद्याच्या कलम २१ अन्वये शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शासकीय शाळांत शाळेचा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे, हे तिचेच काम होय.

तेव्हा दात्याच्या दारी जाऊ नका, समितीच्या बैठकीस जा. आपल्या शाळेत असा संगणक कोठे आहे, तो चालू आहे काय, त्यात मराठी धडे किती आहेत आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे, हे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर तशी मागणी विकास आराखड्यात लेखी नोंदवून घ्या. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, लेखी मागणीस उत्तर द्यावे लागते. ज्ञानाचा साठा आपल्या मुलांच्या हाताशी येणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो त्यांचा अधिकार आहे.