म्हातारपणाच्या नावावर खपवलेला रोग

गावात एखाद्याचा हात थरथरू लागला की 'वय झालं' म्हणून आपण मोकळे होतो. कोरडवाहू मुलखात माणूस पन्नाशीतच म्हातारा ठरतो, त्यामुळे पुढे कोणी विचारीत नाही. आपले वैद्य याला कंपवात म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणून दवाखान्यात त्याचेच नाव चालते.

मेंदूच्या बुडाशी काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. शरीराची हालचाल सुरळीत राहते ती त्याच्या जोरावर. या पेशी मरत जातात आणि निम्म्याहून अधिक मेल्यावर मग कुठे रोग डोळ्यांना दिसतो. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, बोटे विडी वळल्यासारखी हलतात. कामाला लावला की थरथर कमी होते. (कप उचलतानाच हात कापत असेल तर तो बहुधा दुसरा विकार.) सुरुवात एका बाजूने होते. चालताना एक हात हलत नाही, पाय घासत पडतो, सही बारीक होत जाते, वेचणीला दुप्पट वेळ लागतो. घरचे म्हणतात, आळशी झाला! त्याच्या कैक वर्षे आधी नाकाचा वास गेलेला असतो, हुरड्याचासुद्धा येत नाही. पोट साफ होत नाही, झोपेत माणूस ओरडतो, लाथा झाडतो.

बहुतेकांच्या बाबतीत एकच कारण दाखवता येत नाही. वय आहे, काही घरांत आनुवंशिकता आहे. पण फवारणीही आहे, आणि हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात भेसळीचे मादक द्रव्य टोचून घेतलेले काही तरुण थोड्याच दिवसांत लाकडासारखे ताठ झाले. त्या भेसळीपासून शरीरात जे विष बनते, त्याची घडण पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती निघाली. पुढे २०११ साली अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतली पाहणी प्रसिद्ध झाली. पॅराक्वाट वापरणाऱ्यांत हा रोग सुमारे अडीच पट आढळला.

एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, असे विकणारे म्हणतात. युरोपीय संघात मात्र २००७ सालीच त्याची परवानगी गेली. फ्रान्सने तर २०१२ साली कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा कंपवात हा धंद्यातून जडलेला रोग मानला आणि भरपाईचा हक्क दिला. आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले तेव्हा चौकशी झाली, कारण ते मरण त्याच हंगामात दिसले. वीस वर्षांनी थरथरणाऱ्या हाताची चौकशी कोण करणार?

रोग मुळातून जात नाही, पण लेव्होडोपाच्या गोळीने हात पुन्हा कितीतरी वर्षे कामाला येतो. डाळ-दुधासोबत ती नीट लागू पडत नाही, म्हणून बहुधा जेवणाआधी घ्यायला सांगतात. आपल्या बांधावरच्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते. तरी बिया कुटून खाऊ नयेत, मात्रा कळत नाही.

जिल्हा बैठकीला येताना गावात असे किती जण आहेत, त्यांनी पाठीवर पंप किती वर्षे वाहिला आणि कोणते औषध मारले, हे लिहून आणा. बायकांची नोंद विसरू नका. पाणी वाहणाऱ्या आणि विषाने भिजलेले कपडे धुणाऱ्या त्याच आहेत.