रूळ वाचणारी माणसे

रोलर कोस्टरच्या शौकिनांत एक वर्ग असा आहे, की ज्याला गाडीत बसण्याइतकाच आनंद ती गाडी उभी राहताना पाहण्यात मिळतो. उद्यानाच्या कुंपणाबाहेर उभे राहून ही मंडळी काँक्रीटचे पाये मोजतात, ट्रकवरून उतरलेल्या रुळांच्या तुकड्यांची वळणे न्याहाळतात आणि मग आपापसांत तासन्‌तास वाद घालतात. अमेरिकेत त्यांची संघटना १९७८ पासून आहे. रुळाचा कणा चौकोनी पेटीसारखा दिसला, की ते स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार या कारखान्याचे नाव घेतात. दोनशे फुटांहून उंच बांधकाम करावयाचे असल्यास अमेरिकेत विमानवाहतूक खात्याला आगाऊ कळवावे लागते. म्हणून मालकाने घोषणा करण्याआधीच नव्या राईडची उंची या मंडळींना पुष्कळदा ठाऊक झालेली असते. सरकारी कागदातून धंद्याचे गुपित कसे बाहेर पडते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हा नाद पोरकट वाटू शकतो. घरातला एखादा मुलगा सुट्टीभर असल्या राईडींचे आराखडे काढत बसला, तर पेढीवरच्या वडीलधाऱ्यांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या चर्चांतून काय शिकायला मिळते, ते इंग्लंडमधील एका उद्यानाच्या उदाहरणावरून पाहण्याजोगे आहे.

स्टॅफर्डशायर परगण्यात ऑल्टन टॉवर्स नावाचे उद्यान आहे. भोवती गावे आणि जुनी वनराई असल्यामुळे तेथे झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधू नये, असे बंधन आहे. ज्या धंद्यात उंची हीच जाहिरात, तेथे हे बंधन म्हणजे दुकानाला पाटी लावण्याची मनाईच. पण १९९४ साली तेथे उघडलेल्या ‘नेमेसिस’ या राईडचे आखणीकार जॉन वॉर्डली आणि मघाशी सांगितलेले स्विस कारागीर यांनी वर जाण्याऐवजी खाली जाण्याचा मार्ग काढला. खडक सुरुंगाने फोडून खंदक खणले आणि गाडी त्या खंदकांतून फिरवली. ती रुळांवर बसत नाही, रुळांखाली लटकते. बसणाऱ्याचे पाय मोकळे असतात आणि खडकाच्या भिंती अगदी जवळून जातात. त्यामुळे वेग ताशी ८० किलोमीटरच असूनही तो कितीतरी अधिक भासतो. युरोपातील ही या प्रकारची पहिली गाडी. शौकीन आजही तिचे नाव आदराने घेतात, ते तिच्या उंचीमुळे नव्हे.

त्यांच्या चर्चेत आणखी एक विषय हटकून निघतो, तो उभ्या वेढ्याच्या आकाराचा. १८९५ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर एक गाडी उभी राहिली, तिचा वेढा जवळजवळ पूर्ण गोल होता. बसणाऱ्यांच्या माना त्यात दुखावत. कारण साधे आहे. गोल वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी जेमतेम पार व्हावी एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी शिरताना माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. साठ किलोच्या माणसाला क्षणभर तीनशे साठ किलोचे होणे कसे सोसावे! पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन येथे जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल आणि कारखानदार आंतोन श्वार्त्सकोप्फ यांनी वेढ्याला उलट्या धरलेल्या थेंबाचा आकार दिला. तळाशी वेग जास्त, म्हणून तेथे वळण सैल. माथ्यावर वेग कमी, म्हणून तेथे वळण घट्ट. भार वाटला गेला आणि वेढा माणसाला सोसू लागला. पोलाद तेच, उंचीही विशेष नाही. फरक पडला तो वक्राच्या रेषेत. माझ्या मते या साऱ्या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

आता त्याच ऑल्टन टॉवर्समधील दुसरी राईड पाहू. मे २०१३ मध्ये तेथे ‘द स्मायलर’ सुरू झाली. तिच्यात माणूस चौदा वेळा उलटा होतो, आणि तो जागतिक विक्रम ठरला. जाहिरातीचा सगळा भर या चौदा आकड्यावर होता. पण अशा प्रत्येक राईडमध्ये आकड्यांत न येणारी एक व्यवस्था असते. रेल्वेप्रमाणेच रुळांचे टप्पे पाडलेले असतात, आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहील, याची खबरदारी संगणक घेतो. पुढची गाडी टप्पा सोडत नाही, तोवर मागचीला वाट मिळत नाही. अनेक गाड्या एकाच रुळावर फिरवता येतात त्या यामुळेच. आणि गाड्या फिरल्या तरच रांग सरकते. बत्तीस जणांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटली तर तासाला नऊशे साठ माणसे. तीच चार मिनिटांनी सुटली तर निम्मी. रांग थांबली, की गिऱ्हाईक कुरकुरते, आणि कर्मचाऱ्यांवर ताण येतो.

२ जून २०१५ रोजी चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी फेरी पूर्ण न करता मध्येच अडकली. यंत्रणेने आपले काम चोख बजावले. मागून येणारी, सोळा माणसांनी भरलेली गाडी तिने रोखून धरली. कर्मचाऱ्यांना मात्र हा संगणकाचा चुकीचा इशारा वाटला. त्यांनी तो बाजूला सारून गाडी पुढे सोडली, आणि ती रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. इतरही अनेक जण जबर जखमी झाले. जखमींची सुटका व्हायला चार तासांहून अधिक वेळ गेला.

चौकशीत यंत्रात दोष आढळला नाही. असा इशारा आल्यावर कोणी काय तपासायचे, निर्णय कोणी घ्यायचा, याची पक्की पद्धतच व्यवस्थापनाने घालून दिलेली नव्हती. चालक कंपनी मर्लिनने न्यायालयात दोष मान्य केला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तिला पन्नास लाख पौंड दंड झाला. तत्पूर्वीच, अपघाताच्या वर्षीच्या ऑक्टोबरात, उद्यानातील १९० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. गमावलेले पाय मात्र कोणत्याच जमाखर्चात बसत नाहीत. येथे कळ दाबणाऱ्या एकट्या नोकराकडे बोट दाखवणे सोपे होते. सरकारी यंत्रणेने ते केले नाही, आणि ते योग्यच झाले. नोकराच्या हाती किल्ली देताना ती केव्हा फिरवायची नाही, हे लिहून देणे मालकाचे काम.

जाणत्या शौकिनांच्या चर्चेत नव्या राईडविषयी जे प्रश्न निघतात, त्यांत उंचीबरोबर हेही असते: टप्पे किती, गाड्या किती, मधे थांबवण्याच्या जागा कुठे, अडकली तर माणसे उतरवायला जिना आहे का? ब्रेक विजेवर चालतात की चुंबकाचे आहेत, हाही त्यातलाच प्रश्न. कारण चुंबकी ब्रेक वीज गेली तरी गाडीचा वेग उतरवतात. मुलाने असे प्रश्न वहीत लिहून ठेवले असतील, तर ती वही फाडू नये.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकामध्ये २०१३ पासून ‘नायट्रो’ आहे, तीही त्याच स्विस कारखान्याची. सुट्टीत मुलांना घेऊन जाल, तेव्हा रांगेतला वेळ फुकट घालवू नका. अशा कोणत्याही गाडीच्या चाकांकडे नीट पाहिले, तर तीन जोड्या दिसतात: एक रुळावर चालणारी, एक बाजूने धरणारी आणि एक रुळाच्या खालून अडवणारी. खालची चाके नसती, तर गाडी उंचवट्यावरून उडाली असती. ती युक्ती जॉन मिलर या अमेरिकन माणसाची, १९१९ सालची. चढावर साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये, म्हणून लावलेला खटकाही त्याचाच. जुन्या गाड्या चढताना जो कट्‌कट् आवाज येतो, तो त्या खटक्याचा.