मृतांच्या नावावरची पुस्तके

१९१७ साली अमेरिकेत ‘जॅप हेरन’ नावाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. ती मार्क ट्वेनची आहे, असा दावा होता. पण ट्वेन तर १९१० मध्येच निवर्तला होता. सेंट लुईसच्या एमिली हचिंग्ज या लेखिकेचे म्हणणे असे की, अक्षरे लिहिलेल्या फळीवर ट्वेनच्या आत्म्याने ती शब्दशः सांगितली. ट्वेनची कन्या क्लारा संतापली, त्याचे प्रकाशक हार्पर न्यायालयात गेले आणि पुस्तक मागे घ्यावे लागले. परलोकात गेल्यावर ट्वेनचा विनोद इतका कसा आटला, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला!

अशा साऱ्यांनाच भोंदू म्हणणे न्यायाचे होणार नाही. ब्राझीलच्या शिको शाव्हिएर यांनी आत्म्यांच्या सांगण्यावरून चारशेहून अधिक पुस्तके लिहिल्याचे सांगितले आणि त्यांचे मानधन दानधर्माला दिले. मग हात चालवतो कोण? आपल्याकडे प्लँचेटची वाटी सरकताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न नवा नाही. १८५३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी टेबल आपोआप फिरते म्हणणाऱ्यांच्या हातांखाली पुठ्ठ्याचे थर सैलसर चिकटवून ठेवले. वरचे थर खालच्यांपेक्षा पुढे सरकले. म्हणजे टेबल हातांना नव्हे, हातच टेबलाला ढकलत होते. बसलेल्यांना त्याची जाणीवही नव्हती. मनातली अपेक्षा स्नायूंपर्यंत पोचते आणि आपल्याला तिचा पत्ता लागत नाही. म्हणूनच माध्यम प्रामाणिक असूनही संदेश त्याचाच असू शकतो.

ही हकिगत आरोग्याच्या पाक्षिकात सांगण्याचे कारण वेगळे आहे. जोडीदार गेल्यावर त्याची चाहूल लागणे, हाक ऐकू येणे हे फार सामान्य आहे. वेल्समधील डॉ. डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांना असे अनुभव आले होते आणि बहुतेकांनी ते कुणालाही सांगितले नव्हते. लोक हसतील, ही भीती. नेमक्या याच मुक्या दुःखाच्या दाराशी ‘संदेश आणून देणारे’ येऊन उभे राहतात.

तेव्हा आई म्हणाली, “काल हे इथे बसले होते,” तर तिला खोडून काढू नका. वेडही समजू नका. ‘काय बोलले?’ एवढे विचारा आणि ऐका. तिला हवे असेल तर बाबांना पत्र लिहू द्या, पण तिच्या स्वतःच्या हाताने. कुणाच्या माध्यमातून येणारा संदेश जेव्हा पैसे मागतो, मृत्युपत्र बदलायला सांगतो किंवा रक्तदाबाची गोळी बंद करायला लावतो, तेव्हा मात्र घरच्यांनी ठामपणे मध्ये पडावे. डॉक्टरांना न विचारता इन्सुलिन थांबवणे घातक ठरू शकते.

आणखी एक. हे अनुभव सहसा सांत्वन देतात. आवाज धमकावत असतील, आज्ञा देत असतील, घरात अनोळखी माणसे किंवा प्राणी दिसत असतील, किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला असेल, तर ते विरहावर ढकलू नका. लघवीतील संसर्ग, सोडियम कमी होणे, नवे औषध, अधू झालेली दृष्टी अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पिशवी बरोबर न्या.