हेडमास्तरांचा वेत

छडीच्या फटक्याचं नाव मिरवणारी ‘व्हॅको’ ही विनोदी मालिका बीबीसीवर १९५६ साली सुरू झाली आणि १९६०पर्यंत चालली. लेखक फ्रँक म्युर आणि डेनिस नॉर्डन. चिझलबरी ही खानदानी घरांतल्या मुलांची म्हणवणारी शाळा, आणि तिचे हेडमास्तर प्रोफेसर जेम्स एडवर्ड्स. काळा झगा, झुबकेदार मिशा, हातात वेत. दारू आणि जुगार हे त्यांचे षोक. त्यासाठी पोरांचेही पैसे लुबाडायचे आणि वर शिस्तीच्या नावाने त्यांनाच फोडून काढायचं.

ही भूमिका करणारे जिमी एडवर्ड्स दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. १९४४मध्ये आर्नहेमच्या लढाईत त्यांचं डाकोटा विमान पडलं आणि चेहरा भाजला. त्या प्रसिद्ध मिशा भाजल्याच्या खुणा झाकत. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या हेडमास्तरांबद्दल मात्र नाही.

मालिकेला धार होती. पालकांपुढे परंपरा आणि चारित्र्य यांच्या गप्पा मारायच्या आणि आत भामटेगिरी चालवायची, हा खासगी शाळांचा बुरखा तिने फाडला. मला त्यात सर्वांत खरा वाटतो तो उपमुख्याध्यापक पेटिग्र्यू. आर्थर हॉवर्ड यांनी रंगवलेला हा भित्रा, भला गृहस्थ. त्याला सगळं दिसतं, पटत काहीच नाही, तरी साहेबांपुढे त्याची मान खाली. लुच्च्या माणसाला संस्था एकट्याने चालवता येत नाही. त्याला भल्या माणसांचं गप्प बसणं लागतं. आपल्याकडच्या किती संस्थाचालकांच्या शेजारी असे पेटिग्र्यू बसलेले असतात!

पण लेखकांनी हेडमास्तरांना पकडलं आणि छडीला सोडून दिलं. फटका हे हशाचं हुकमी ठिकाण झालं. वाकलेल्या पोराला काय वाटलं, हा मालिकेचा विषयच नव्हता.

आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मारकुट्या मास्तरांचे किस्से असेच रंगतात. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असं छातीठोकपणे सांगणारे तिथे असतात. माराच्या धास्तीने ज्याने शाळाच सोडली, तो त्या मेळाव्याला आलेला नसतो. म्हणून हे किस्से मला अपुरे वाटतात, आणि त्यांवर हसताना माझा घसा आवळतो. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यातल्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली, ती त्या न आलेल्या मुलासाठी.

ब्रिटनमध्ये बंदी आली ती चिकाटीच्या पालकांमुळे. स्कॉटलंडमधल्या दोन आया शाळेतल्या माराविरुद्ध थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८२मध्ये जिंकल्या. त्यानंतर १९८६च्या कायद्याने सरकारी शाळांतून छडी हद्दपार झाली. चिझलबरीसारख्या खासगी शाळा तेव्हाही सुटल्या. जिमी एडवर्ड्स १९८८ साली गेले. इंग्लंडमधल्या अशा शाळांतली छडी कायद्याने थांबायला १९९९ उजाडलं.